आर्लिंग्टन : कबर की अस्थिकलशाचा कोनाडा?

अमेरिकेत वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत 1864 पासून सैनिकांचे दफन होत आले आहे. मात्र जमिनीतील कबरीसाठी सेवेत असताना आलेला मृत्यू, लष्करी निवृत्तिवेतन किंवा पर्पल हार्टसारखे (युद्धात जखमी झालेल्यांना दिले जाणारे) पदक अशी कडक अट असते. 1980 मध्ये खुल्या झालेल्या अस्थिकलशांच्या दालनांतील कोनाड्यासाठी मात्र प्रत्यक्ष सेवा आणि सन्मानाने मिळालेली सेवामुक्ती एवढे बहुधा पुरते. दोन्हीकडे जागेचे पैसे पडत नाहीत आणि लष्करी मानवंदनाही मिळते.

खरा फरक भेटीला गेल्यावर जाणवतो. कबरीपाशी हिरवळीवर बसता येते, शिळेच्या मागच्या बाजूला कोरलेल्या पत्नीच्या नावावरून हात फिरवता येतो. वरच्या ओळीतील कोनाड्याकडे मान उंचावून पाहावे लागते आणि फुले खाली फरशीवर ठेवावी लागतात. मेमोरियल डे या हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनापूर्वी प्रत्येक शिळेपुढे छोटा ध्वज रोवला जातो. कोनाड्यांच्या वाट्याला प्रत्येक उभ्या रांगेच्या पायथ्याशी एकच येतो. सैनिकाची वृद्ध पत्नी वरचेवर येणार असेल आणि पात्रता असेल, तर मी कबरच सुचवेन. दहनाची इच्छा असली तरी अस्थी तेथेही पुरता येतात.