घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतलं पोडियम लॉन: माळीकामाचा वर्षभराचा अनुभव

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. पार्किंगच्या स्लॅबवर पोडियम आणि पोडियमवर साधारण ३,००० चौरस फुटांचं मेक्सिकन लॉन, म्हणजे बारीक पात्यांच्या दाट गवताचं. कमिटीत बागेचं काम माझ्याकडे असतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही जवळच्याच एका नर्सरीवाल्यांना वर्षाचं कंत्राट दिलं. ते सध्या नवीन सोसायट्या घेत नाहीत, म्हणून नाव-नंबर टाकत नाही. पण बागकामाला माणूस ठेवताना काय बघायचं ते या वर्षात मला चांगलंच कळलं, आणि ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांना ते उपयोगी पडेल.

आधी हे काम एका हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे होतं. त्यांचा माणूस नायलॉनच्या तारेचा ग्रास कटर खांद्याला अडकवून यायचा आणि माती दिसेपर्यंत गवत उडवायचा. तारेने पातं कापलं जात नाही, फाटतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पात्याचं टोक पांढुरकं दिसायचं, चार दिवसांत तपकिरी व्हायचं आणि लांबून सगळं लॉन करपल्यासारखं वाटायचं. त्यावर ठेकेदाराचा इलाज ठरलेला: लाल मातीचा नवा थर आणि वर युरिया. बिल वाढत गेलं, गवत होतं तिथेच राहिलं.

नर्सरीचे नवे माळीदादा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा दराचं बोलायच्या आधी त्यांनी खुरपं काढलं. सगळ्यात पिवळ्या जागेवरचा विटेएवढा तुकडा कापून अलगद उचलला आणि माझ्यासमोर उलटा केला. वर लाल माती, दोन बोटं खाली काळा थर, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास. मुळं त्या काळ्या थरापर्यंत येऊन थांबलेली, टोकं मऊ पडलेली. "ताई, याला खत नकोय, हवा पाहिजे," एवढंच म्हणाले. पाणी साचून मातीतली हवा संपली की असा वास येतो, मुळं गुदमरतात आणि वरून कितीही युरिया ओता, ती तो उचलत नाहीत. मग त्यांनी ड्रेनचं झाकण उघडायला लावलं. आउटलेटची जाळी गाळाने आणि मुळांच्या जाळ्याने पूर्ण बंद होती. प्लंबरकडून ती आधी साफ करून घेतली, मगच लॉनला हात लावला. फोर्क, म्हणजे दातांचं बागकामाचं अवजार, मारून सगळीकडे भोकं पाडली आणि त्यांत जाड रेती व चाळलेलं शेणखत झाडूने सारलं. पहिल्या मोठ्या पावसात पोडियमवर पाणी उभं राहिलं नाही, हे मी खिडकीतून मुद्दाम बघितलं.

नवीन माती टाकायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट माती, ओली झाली की साडेचार-पाच टनांच्या घरात जाते. खाली स्लॅब आहे, वॉटरप्रूफिंग आहे, आपल्याच गाड्या आहेत. माती विकणं हा नर्सरीचा धंदा असूनही जो माणूस "माती नको" म्हणतो, त्याच्यावर मी विश्वास टाकते. कमिटीच्या मीटिंगमध्येही मी हेच सांगितलं.

कापणी आता सिलिंडरच्या, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांच्या मशीनने होते, पाती धार लावून आणलेली असतात. उंची सव्वा इंचाच्या खाली जाऊ देत नाहीत आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त गवत काढत नाहीत. पावसात दर आठवड्याला येतात, उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी. मेक्सिकन गवत मुळात सावकाश वाढतं. ते एकदा बुडापर्यंत छाटलं की पुन्हा भरून यायला कित्येक आठवडे लागतात.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. लॉनला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण इंचभर पाणी लागतं. आमच्या लॉनला हिशेब केला तर सुमारे ७,००० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरशी ताडून बघा, म्हणजे अंदाज येईल. पूर्वी रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइप फिरायचा. वरची माती ओली व्हायची, खाली कोरडीच राहायची, आणि रात्रभर ओल्या पात्यांवर बुरशी धरायची. आता दिवसाआड, पहाटे, भरपूर पाणी देतात, तेही एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचं शुद्ध केलेलं सांडपाणी. पाणी दिल्यावर पेचकस मातीत खोचून बघतात. तो चार इंच सहज गेला पाहिजे. एसटीपीच्या पाण्यातले क्षार मातीत साचतात, म्हणून कडक उन्हाळ्यात मध्ये एकदा साध्या पाण्याने भिजवायला सांगितलं होतं. सभासदांना समजावायला मला वेळ लागला, पण दिलं.

लव्हाळा या तणाचं त्रांगडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. वरून उपटला की गाठ जमिनीतच राहते आणि पुन्हा फुटते. त्यांच्याकडची कामाची पोरं पावसाने मऊ झालेल्या मातीतून गाठीसकट काढतात. जिथे फारच पसरला होता तिथे हॅलोसल्फुरॉन हे तणनाशक फवारलं, शेतकरी उसात लव्हाळ्यासाठी मारतात तेच. आदल्या दिवशी नोटीस लावली, दोरी बांधली, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवलं. न विचारता फवारणी करणारे मी पाहिलेत, म्हणून याचं मला फार महत्त्व वाटतं.

बी विंगच्या सावलीतल्या पट्ट्यात दिवसभर ऊन येत नाही. तिथे मेक्सिकन लावून पैसे घालवू नका, असं त्यांनीच सांगितलं. आता तिथे सिंगोनियम आणि मंकी ग्रास ही सावलीत चालणारी झाडं आहेत. काही सभासदांना अजून सलग लॉन हवंय. मला तो पट्टा आहे तसाच छान वाटतो.

आता तक्रारी. गणपतीत त्यांची सगळी पोरं गावी गेली आणि गवत ऐन वाढीत घोट्यापर्यंत आलं. परतल्यावर त्यांनी एकदम न छाटता टप्प्याटप्प्याने कापलं. ते योग्यच होतं, पण तोवर सोसायटीच्या ग्रुपवर मला बोलणी खावी लागली. फोन दुपारी उचलत नाहीत. बिल हाताने लिहून देतात, त्यावर ऑडिटरने हरकत घेतली. फोर्क मारताना स्प्रिंक्लरची एक लाइन फुटली, ती मात्र स्वतःच्या खर्चाने बदलून दिली.

महिन्याला ७,००० रुपये, खत-औषध वेगळं. आमच्या आकाराच्या लॉनला मला हा दर रास्त वाटतो. पुढच्या वर्षीचं कंत्राट त्यांनाच देतोय, तीन अटी घालून: गणपतीत बदली माणूस, छापील बिल, आणि मेअखेर आउटलेटची जाळी साफ करून तिचा फोटो कमिटीला. मंडपही यंदा लॉनवर नाही, पेव्हर ब्लॉकवर घालायचं ठरलंय, कारण प्लायखाली उजेड न मिळालेलं गवत चार-पाच दिवसांतच पिवळं पडतं.