सात महिने स्टॅक स्विच: सगळं अडलं अर्ध्या मीटरच्या केबलपाशी

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आमच्या रॅकमधला (नेटवर्कच्या कपाटातला) वरचा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, मेला आणि भुईकाट्यावरच्या पोराला त्याचा पत्ताही लागला नाही. गाड्या वजन करून आत जात होत्या, टॅली चालू, कॅमेरे चालू. मला कळलं ते करपल्याचा वास आला म्हणून रॅकचं दार उघडलं तेव्हा. हा अनुभव फेब्रुवारीत लिहिला असता तर शिव्यांशिवाय काही निघालं नसतं.

आमची जळगाव एमआयडीसीत दालमिल. ऑफिस, गोदाम, काटा धरून साठेक कॉम्प्युटर. मधोमध २४ पोर्टचे (वायर खोचायच्या जागांचे) दोन स्विच स्टॅक केलेले: डबे दोन, कारभार एक, आयपी (नेटवर्कमधला पत्ता) एक. चार कोपऱ्यांतल्या चार स्विचमधून प्रत्येकी दोन फायबर येतात, एक वरच्या डब्यात, एक खालच्या, एलएसीपीने (दोन वायरी एकच धरून चालवायच्या पद्धतीने) एकत्र बांधलेल्या. सर्व्हरच्या दोन वायरीही तशाच. नुसत्या एसटीपीवर (डेटा गोल फिरत राहू नये म्हणून जादा वायर बंद ठेवणाऱ्या पद्धतीवर) भागवलं असतं तर त्यातली एक वायर राखणदारासारखी बसून राहिली असती. असो, मुद्द्यावर येतो.

मुद्दा केबलचा. कोटेशनमध्ये स्टॅकच्या दोन केबल होत्या. लांबी अर्धा मीटर, किंमत एकेकीची साडेआठ हजार. अर्ध्या मीटरला साडेआठ हजार! एवढ्यात चांगला सायकलवाला सायकल देतो, वर पंप देतो. दोन डबे जोडायला दोन केबल कशाला, म्हणून मी एक ओळ खोडली. शेठनी पाठ थोपटली.

फेब्रुवारीत तुरीची आवक जोरात, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. सफाईच्या पोराने चुनीची धूळ काढायला रॅकमध्ये ब्लोअर मारला आणि ती एकुलती एक केबल सैल झाली. दोन्ही डब्यांना वाटलं, दुसरा गेला. दोघंही मास्टर, म्हणजे कारभारी, झाले, आयपी तोच, सेटिंग तेच. आता गंमत बघा. नेटवर्क सरळ बंद पडलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं. इथे अकाउंट्समध्ये एका ताईंचं बिल छापलं जातंय, शेजारच्या ताईंचं नाही. माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) लागतोय, काट्याच्या कॉम्प्युटरला नाही. कोपऱ्यातले स्विच आपल्या दोन्ही वायरी एकाच डब्यात जातात असं समजून निम्मं टपाल इकडे, निम्मं तिकडे टाकत होते. मी आयपी तपासले, व्हायरस शोधला, प्रिंटरला दोन थापडाही मारल्या. तीन तासांनी हमाल म्हणाला, ‘भो, दोन्ही डब्यांचे दिवे सारखेच का?’ मास्टरचा हिरवा दिवा दोन्हींवर जळत होता.

केबल पाहिली तर क्लिपच तुटलेली. कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. फोटो पाठवा. पाठवला. मागून पाठवा. पाठवला. आठ दिवसांनी उत्तर: केबल वॉरंटीत येत नाही. स्विच येतो, त्याला जोडणारी येत नाही! या एका वाक्यावर मी त्या माणसाशी चाळीस मिनिटं भांडलो. त्याने शेवटी विचारलं, ‘सर, दोन केबलची रिंग का नाही केली?’ मी फोन ठेवला.

मार्चमध्ये गुपचूप दुसरी केबल घेतली. वरच्याचा पहिला स्टॅक पोर्ट खालच्याच्या दुसऱ्यात, दुसरा पहिल्यात, म्हणजे रिंग पुरी, एक केबल गेली तरी दुसरीची वाट उरते. दोन मास्टर झाल्याचं ओळखण्याची सोय सेटिंगमध्ये होती, बंद होती, ती चालू केली. राउटरची दुसरी वायर खालच्या डब्यात नेली. मग पिंग चालू ठेवून एक केबल उपटली. काही नाही झालं. दुसऱ्यांदा उपटली, तेव्हाही नाही. तेव्हापासून माझं मत हळूहळू बदलत गेलं.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि दोन्ही डबे एकदमच झोपले, कारण दोन्हींचे प्लग एकाच यूपीएसवर. ही चूक माझी. आता खालचा वेगळ्या यूपीएसवर आहे.

स्टॅकचा खरा दोष म्हणाल तर फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर. अपडेट टाकलं की आमचे दोन्ही डबे एकदमच रीस्टार्ट होतात. रविवारी रात्री केलं म्हणून निभावलं. चोवीस तास चालणारं ठिकाण असेल तर दोन डब्यांचा कारभार वेगळा ठेवून फक्त लिंक एकत्र बांधणारे स्विच घ्यावेत, पण त्यांची किंमत सांगितली असती तर शेठनी मलाच विकायला काढलं असतं.

मेलेल्या स्विचच्या बदल्यात नवा यायला १९ दिवस लागले. तेवढे दिवस एकट्या खालच्याने मिल ओढली. नवा आला तोही वेगळ्या फर्मवेअरचा, त्यामुळे स्टॅकमध्ये घ्यायच्या आधी दोन्हींचं फर्मवेअर एक करावं लागलं. शिवाय त्याची प्रायॉरिटी (मास्टर होण्याचा मान) चालत्याच्या खाली ठेवली, आधी केबल लावल्या आणि मगच वीज दिली. नाहीतर कोरा डबा मास्टर होऊन बसायचा आणि चालत्या डब्याचं सेटिंग पुसलं जायचं.

तरी माझं भांडण केबलशीच आहे. अर्ध्या मीटरमुळे दोन्ही डबे एकाच रॅकमध्ये, एकाच एसीच्या टपकणाऱ्या पाण्याखाली. साध्या दहा गिगाबिटच्या फायबर पोर्टवरून स्टॅक होणारे मॉडेल मिळतात, त्यात एक डबा खाली आणि एक वर गोदामाच्या मजल्यावर ठेवता आला असता. घेताना मी पोर्ट मोजले, वॅट मोजले, केबल कुठली लागते ते विचारलंच नाही.

क्लिप तुटलेली केबल मी फेकलेली नाही. रिंगमध्ये तीच आहे, तुरीच्या पोत्याची सुतळी दोन वेढे मारून बांधलीय. नवा स्विच बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला, हे चालणार नाही. मी म्हटलं, ओढून बघा.