दुकान झकास, पण सह्यांच्या कपाटापाशी भिंग घेऊन जा

पणजीत जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, त्याबद्दल लिहितोय. नाव देत नाही. मालक माणूस वाईट नाही, आणि मला जे खटकलं ते बाहेरही सर्रास चालतं. चिनी मातीच्या बरण्या, पितळी समया, पोर्तुगीज धाटणीच्या टाइल्स, ग्रामोफोनच्या तबकड्या हवं असेल तर बिनधास्त जा. घासाघीस केली की भाव उतरतो, वस्तू हातात घेऊन बघू देतात, वर चहा येतो. माझी तक्रार आहे ती आतल्या खोलीतल्या काचेच्या कपाटाबद्दल. त्यावर पाटी आहे: 'ऑटोग्राफ्स, सर्टिफाइड'.

माझी नोकरी बँकेत झाली, फोंडा आणि मडगाव. त्यातली बरीच वर्षं चेकवरची सही खातेदाराच्या नमुना सहीच्या कार्डाशी ताडून बघण्यात गेली, त्यामुळे सही दिसली की नजर आपोआप टोकांकडे जाते. खरी सही वेगात होते. पेन चालता चालता कागदावर उतरतं आणि चालता चालताच उठतं, म्हणून सुरुवात आणि शेवट निमुळते असतात. गिरवणारा मात्र पेन आधी टेकवतो, मग निघतो. टोकाला बारीक ठिपका पडतो, वळणावर हात थरथरतो, अक्षराच्या मध्येच पेन उचलून पुन्हा जोडलेलं दिसतं. नमुन्याशी तंतोतंत जुळणारी सही तर मी आणखी संशयाने बघायचो. माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही.

कपाटातला सगळ्यात महाग नग म्हणजे फ्रेम केलेला एक कागद. खाली टाइप केलेली पट्टी: 'भारतीय संघ, वेस्ट इंडिज दौरा, १९७१'. भाव ४५ हजार. गोव्यात याला गिऱ्हाईक का मिळेल हे सांगायला नको. त्या मालिकेत आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या, किंग्स्टनला २१२. मीही त्यांच्याच सहीसाठी फ्रेम खाली काढायला सांगितली.

सह्या वाचत गेलो. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, बेदी, सोलकर, दुराणी, पुढे चंद्रशेखर आणि इंजिनिअर. इथेच थांबलो. चंद्रशेखर त्या दौऱ्यावर नव्हते. इंजिनिअरही नव्हते, यष्टी राखली कृष्णमूर्तींनी. दोघे संघात आले ते त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्याला, जिथे चंद्रशेखरांनी ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेतले. मग पट्टी चुकली आणि कागद इंग्लंड दौऱ्याचा, असं म्हणावं, तर सलीम दुराणी आडवे येतात. पोर्ट ऑफ स्पेनला लॉइड आणि सोबर्स यांना बाद करणारे दुराणी इंग्लंडला गेलेच नव्हते. म्हणजे हा कागद दोन्ही दौऱ्यांत बसत नाही.

मालक म्हणाले, 'काका, नंतर कधीतरी सगळे एकत्र जमले असतील.' असतील की. पण मग दौऱ्याचे पैसे का मागता? शिवाय सगळ्या सह्या एकाच शाईच्या. त्याचं मी एवढं मनावर घेतलं नसतं, संघाच्या कागदावर एकच पेन हातोहात फिरू शकतं. पण अकरा माणसांचा दाबही एकच? एकजण तरी जोरात लिहिणारा असतोच की.

मग भिंग लावलं. कागदाला मधोमध जुनी, पिवळी पडलेली घडी आहे. घडीवर कागदाचे तंतू मोडतात, त्यावर नंतर लिहिलं तर शाई त्या भेगेत शिरून दोन्ही बाजूंना फुटते. आधी लिहून मग घडी घातली तर शाई फुटत नाही, रेघेचा टवका उडतो. इथे बेदींच्या सहीची रेघ घडी ओलांडताना स्वच्छ फुटलेली होती. कागद जुना, घडी जुनी, सही घडीनंतरची. एवढ्यावरून खोटी ठरत नाही, मान्य. पण नावांचा घोळ आणि ही घडी एकत्र ठेवली तर मी माझे ४५ हजार काढणार नाही.

आता सर्टिफिकेट. चमकणारा होलोग्राम, नंबर, क्यूआर कोड, सगळं आहे. होलोग्राम चिकटवलाय फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, कागदावर नाही! उद्या आतला कागद बदलला तरी सर्टिफिकेट जागच्या जागी. मजकूर असा, की 'आमच्या मते' सही अस्सल आहे. मत कुणाचं? परराज्यातल्या एका तज्ज्ञांचं. त्यांनी वस्तू बघितली का? मालकांनी मोकळेपणाने सांगितलं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. फी ठरते वस्तूच्या किमतीवर टक्केवारीने. खरी म्हटली की किंमत वाढते आणि फीही वाढते. बँकेत असली व्यवस्था असती तर आमचा एकही चेक परत गेला नसता.

आणि हे तज्ज्ञ नमुना कुठला धरतात? बँकेत कार्डावरची सही खातेदाराने आमच्यासमोर केलेली असायची. इथे नमुना म्हणजे दुसऱ्या कुणी विकलेल्या, दुसऱ्या कुणी सर्टिफाय केलेल्या सहीचा फोटो. १९८३ साली जर्मनीच्या 'श्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून रोजनिशा छापायला घेतल्या, तेव्हा हेच झालं. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतं म्हणून सांगितलं, पण ताडायला दिलेल्या नमुन्यांतले काही, त्या खोट्या रोजनिशा लिहिणाऱ्या कोन्राड कुयाऊनेच बनवलेले होते. बिंग फुटलं ते कागदामुळे, त्यात युद्धानंतर वापरात आलेलं शुभ्र करणारं रसायन निघालं. अमेरिकेत एफबीआयने १९९०च्या दशकात बनावट सह्यांची टोळी पकडली, तिच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही होता. सर्टिफिकेटं त्या मालाबरोबरही जायची.

मारिओ मिरांडांचं 'सही केलेलं' चित्रही कपाटात आहे. भिंगातून सही छपाईच्या ठिपक्यांची दिसते, म्हणजे चित्राबरोबरच छापलेली. भिंतीवर लावायला सुंदर, पण सहीचे वेगळे पैसे देऊ नका.

मी घेतलं काय, तर तबकड्यांच्या खोक्यात तळाशी पडलेली गाण्याच्या कार्यक्रमाची एक पत्रिका. तिच्यावर अभिषेकीबुवांची सही, वर कुणा यजमानांचं नाव, आशीर्वादाची एक ओळ. सर्टिफिकेट नाही, म्हणून सहाशे रुपये. नाव घालून दिलेल्या सहीला बाजारात भाव कमी, पण खोटी करणारा ओळभर जास्त अक्षर कशाला गिरवेल? त्याला विकायला सोपी, नुसती सही हवी असते. टोकं निमुळती आहेत, आणि 'आशीर्वाद'मधला रफार तर असा फेकलाय की गिरवून दाखवाच.

पावतीवर 'सही खरी नसल्यास पैसे परत' असं लिहून मागितलं. मालकांनी हसत लिहून दिलं, खाली सही केली. मग सहज विचारलं, त्या ४५ हजारांच्या फ्रेमवर हेच लिहून द्याल का?

'त्याका सर्टिफिकेट आसा न्हय, बाब?' म्हणाले, आणि चहाचे कप उचलायला लागले.