कॅरेक्टर बिल्डर उत्तम, कंटेंट फिल्टर अर्धवट: एका डीएमचा वापरानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून खेळायच्या खेळातलं पात्र कागदावर बनवायला बसलं की नव्या माणसाची अख्खी दुपार जाते. पात्र बनवून देणाऱ्या ॲपवर, म्हणजे बिल्डरवर, तेच काम अर्ध्या तासात उरकतं. बेरजा चुकत नाहीत, आणि लेव्हल वाढली की हिट पॉइंटपासून (किती मार सोसेल) स्पेल स्लॉटपर्यंत (किती मंत्र टाकता येतील) सगळं आपोआप पुढे सरकतं. त्यामुळे ॲप घ्यावं का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते: घ्या. पुढचं सगळं त्याच्या पहिल्या पानावरच्या चार-पाच बटणांबद्दल आहे, कारण आमच्या टेबलावरचे बहुतेक वाद तिथूनच निघाले.

आमचं टेबल जुळे सोलापुरात, माझ्या घरी, रविवारी दुपारी जमतं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी. खेळणाऱ्यांत ऑफिसातले दोघं, अशोक चौकातला एक जुना मित्र, त्याची बायको आणि आठवीतली माझी भाची. लॅपटॉप एकच, तो माझ्यासमोर. बाकी सगळे फोनवर, तेही कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाता खाता. म्हणून ॲपची बटणं किती मोठी आणि कुठे आहेत, ही बाब आमच्याकडे बरीच गंभीर आहे.

फिल्टर काय करतो ते थोडक्यात. नवीन पात्र सुरू केलं की क्लास (पात्राचा पेशा) निवडायच्या आधी एक पान येतं. त्यावर टॉगल (चालू-बंद बटणं) असतात: होमब्रू (खेळणाऱ्यांनी स्वतः बनवलेलं), इतर कंपन्यांसोबत काढलेली पुस्तकं, एबेरॉनसारखी वेगळी जगं, लेगसी म्हणजे २०१४ चे नियम, आणि मूळ पुस्तकाबाहेरचे विस्तारित नियम. जे चालू ठेवाल ते पुढच्या याद्यांमध्ये दिसतं. नव्या पात्राला सगळे टॉगल आधीच चालू असतात. माझी पहिली तक्रार हीच.

खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ ची. २०२४ मध्ये प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) नव्याने आलं, आणि दोन्हींचे नियम एकमेकांशी जुळतात असं सांगितलं गेलं. जुळतात हे खरं, पण निवड कोण करतंय त्यावर बरंच अवलंबून आहे. २०१४ मध्ये ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, करिश्मा वगैरे गुणांच्या आकड्यांची) वाढ वंशातून मिळायची, २०२४ मध्ये ती बॅकग्राउंडमधून (पात्राच्या आधीच्या आयुष्यातून) मिळते. आमच्या ऑफिसातल्या एकाने जुन्या पुस्तकातला हाफ-एल्फ घेतला, करिश्मा +२. मग नव्या पुस्तकातलं एंटरटेनर बॅकग्राउंड घेतलं, तिथेही करिश्मा +२. ॲपने दोन्ही निमूटपणे जोडले. पहिल्याच लेव्हलला १५ चे १९ झाले, आणि आमचा बार्ड, म्हणजे त्याचं हे गाणारं-बोलणारं पात्र, प्रत्येक पहारेकऱ्याला बोलण्यात गुंडाळू लागला. नव्या हँडबुकात याचं उत्तर स्पष्ट आहे: जुना वंश घेतला तर त्याची वाढ सोडून द्यायची, फक्त बॅकग्राउंडची धरायची. हा नियम बिल्डरला माहीत असायला हवा होता. निदान एक पिवळी पट्टी तरी दाखवायला हवी होती.

स्पेलचंही तेच. जखमा बऱ्या करणारं क्युअर वूंड्स यादीत दोनदा दिसतं. जुनं १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशाइतकं) बरं करतं, नवं २डी८, म्हणजे नुसत्या फाशांची सरासरी साडेचार आणि नऊ. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला एवढ्या फरकात माणूस उभा राहतो किंवा आडवा पडतो. दोन्हींत ओळखायची खूण काय, तर नावाखाली बारीक राखाडी अक्षरांत ‘लेगसी’. माझ्या लॅपटॉपवर ते दिसतं. एप्रिलच्या उन्हात ब्राइटनेस वाढवूनही भाचीच्या फोनवर दिसत नाही. तिने क्लेरिक (देवभक्ताचा क्लास) घेतली तीही जुनीच निघाली. म्हणून तिला डोमेन (क्लेरिकची सबक्लास, म्हणजे क्लासची शाखा) पहिल्याच लेव्हलला निवडायला मिळालं, आणि नव्या नियमांत सगळ्यांनाच सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळते म्हणून बाकीचे ताटकळत बसले. ‘तिला आत्ताच कसं काय बे?’ हा प्रश्न त्या दुपारी बऱ्याच वेळा आला.

जुनं ठेवूच नका, असं माझं म्हणणं नाही. जुनं काढून टाकू नका ही मागणी आपणच केली होती, आणि २०२४ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला ते खेळणाऱ्यांच्या लक्षात असेल. दोन्ही असू द्या. कुठलं चालणार ते मात्र टेबलाने एकदा ठरवावं आणि मग सगळ्यांच्या ॲपला ते कळावं.

या फिल्टरमध्ये ते शक्य नाही. टॉगल पात्राला चिकटलेले आहेत, कॅम्पेनला (सगळ्यांच्या मिळून मोहिमेला) नाहीत. पाच खेळाडू, पाच पात्रं, पाच वेगवेगळ्या मांडण्या. कॅम्पेनच्या पानावर मला प्रत्येकाची लेव्हल दिसते, आर्मर क्लास (बचावाचा आकडा) दिसतो, पण कुणी काय चालू ठेवलंय ते दिसत नाही. ते बघायला एकेक पात्र उघडून पहिल्या पानावर जावं लागतं. सेशनच्या मधोमध, गोब्लिन अंगावर आलेले असताना, हे कोण करणार?

दुसरी अडचण मला सावकाश कळली, आणि माझ्या मते मोठी तीच आहे. टॉगल बंद केला की त्या गोष्टी यादीतून जातात, पण पात्राने आधीच घेतलेल्या गोष्टी शीटवर तशाच राहतात. एका अर्थी हे बरोबर आहे. कुणाचं आवडतं स्पेल एका बटणासरशी गायब झालं तर जास्त आरडाओरडा होईल. पण निदान खूण तरी करा ना! हा फिल्टर फक्त लपवतो, मना करत नाही. डीएमला दोन्ही लागतं, कधी हे, कधी ते. नव्या माणसासमोरचा पसारा कमी करायला लपवणं पुरतं. ‘आमच्या टेबलावर हे चालत नाही’ असं सांगायला ते पुरत नाही.

पसाऱ्याचंही सांगते. नव्या हँडबुकात दहा स्पीशीज (जुन्या भाषेत वंश), बारा क्लास आणि अठ्ठेचाळीस सबक्लास आहेत, आणि हे एकाच पुस्तकात. मी पुस्तकं विकत घेतली आणि वरची वर्गणी भरून टेबलाला शेअर केली, तेव्हा सगळ्यांना सगळंच दिसायला लागलं. चाटी गल्लीतल्या दुकानदाराने एका गिऱ्हाइकासमोर सगळे गठ्ठे एकदम सोडावेत, तसं झालं. गंमत अशी की त्याआधी, फुकटच्या नियमांवर खेळत होतो तेव्हा, पात्रं पटापट बनत होती. जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुल्या झालेल्या ५.१ नियमसंचात प्रत्येक क्लासला एकच सबक्लास आहे, फीट (खास कौशल्य) एकच आणि बॅकग्राउंडही एकच. नव्या खेळाडूला यापेक्षा चांगला फिल्टर सापडणार नाही. म्हणजे पैसे भरल्यावर भाचीचा अनुभव बिघडला. शेअर करणं आणि परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ॲपच्या गावी नाही.

होमब्रूचा टॉगल सर्वांत जास्त खुपला. अशोक चौकातल्या मित्राच्या घरात दोन पिढ्या माग चालला. त्याने आपल्या पात्रासाठी ‘विणकर’ हे बॅकग्राउंड स्वतः बनवलं. वाढीसाठी डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि इंटेलिजन्स हे गुण, ओरिजिन फीट क्राफ्टर, शिवाय वीव्हर्स टूल्स, जी खेळात खरोखरच आहेत आणि एका सोन्याच्या नाण्याला मिळतात. फार सुंदर झालं. गाडीभर चादरी घेऊन निघालेला तो रॉग (चलाख चोराचा क्लास) आमच्या मोहिमेतलं सगळ्यांचं लाडकं पात्र आहे. पण हे एक बॅकग्राउंड दिसावं म्हणून होमब्रूचा अख्खा टॉगल उघडावा लागतो. मग कुणी कधीतरी मौजेखातर जमवलेल्या तलवारी आणि अर्धवट सोडलेल्या सबक्लासही यादीत येऊन बसतात. एकेका गोष्टीला ‘मंजूर’ म्हणायची सोय हवी. पुस्तकांचंही तसंच. मला २०१७ चं झनाथारचं पुस्तक चालतं, २०२० च्या टाशाच्या पुस्तकातलं काही चालतं, काही नाही. दोन्ही एकाच टॉगलखाली आहेत. टाशाच्या पुस्तकातल्या ऐच्छिक क्लास फीचर्सना निराळं बटण आहे, त्याचे मात्र आभार.

एक गैरसमज दूर करते, कारण मला हे विचारलं गेलंय. हा फिल्टर मुलांना काय दाखवावं यासाठी नाही. तो पुस्तकं ओळखतो, विषय ओळखत नाही. आमच्यातल्या एकीला कोळी अजिबात सहन होत नाहीत, आणि आठवीतली मुलगी टेबलावर असताना काही प्रसंग मी रंगवत नाही. हे सगळं सेशन झीरोला (खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत) बोलून ठरवलं आणि ते तसंच ठरवावं. ॲपकडून ती अपेक्षा नाही.

आता आम्ही काय करतो ते. मी एक कोरं पात्र बनवून ठेवलंय: क्लास नाही, नाव ‘इथून कॉपी करा’, टॉगल मला हवे तसे लावलेले. नवीन पात्र हवं असेल त्याने याचीच कॉपी काढायची. टॉगल कॉपीत तसेच येतात. हे ॲपच्या मदतपानावर कुठेही लिहिलेलं नाही, चाचपडताना सापडलं. गड्ड्याच्या यात्रेमुळे खेळ बंद होता तेव्हा सगळी जुनी पात्रं अशीच नव्याने बांधून घेतली. बार्डचा करिश्मा १७ वर आला आणि तो दोन रविवार रुसला. तेव्हापासून ‘तुझ्याकडचं कुठलं, माझ्याकडचं कुठलं’ जवळपास थांबलंय. मात्र कुणी आपल्या शीटवर टॉगल पुन्हा उघडला तर मला आजही कळत नाही.

मधल्या एका अपडेटने टॉगलच्या खाली एकेका ओळीची माहिती आली आणि फोनवर बटणं जरा मोठी झाली. चटणीच्या बोटांनी आता बरोबर ठिकाणी दाबलं जातं. ‘लेगसी’ची खूण मात्र तेवढीच बारीक राहिली.

कंपनीला सुचवण्या पाठवल्यात. पहिली, फिल्टर कॅम्पेनवर लावता यावा आणि नवीन पात्राने तोच उचलावा. दुसरी, पुस्तकवार निवड असावी. तिसरी, फिल्टरबाहेरची गोष्ट शीटवर असेल तर तिच्यावर खूण दिसावी, काढून टाकू नये. यांतली पहिली एकटी झाली तरी माझं अर्धं काम कमी होईल. उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे’.

वर्गणी चालू ठेवणार आहे, कारण लेव्हल वाढवताना हातावर हात ठेवून बसता येतं त्याचं सुख फार आहे. पावसाळ्यानंतर दोन नवीन मंडळी येणार आहेत. त्यांना शेअरिंग लगेच देणार नाही. तिसऱ्या लेव्हलपर्यंत फुकटच्या नियमांवर खेळू देत, मग एकेक पुस्तक उघडू.