फ्लोरिडा सोडून मिनेसोटाला जावे का? एका सशुल्क स्थलांतर-सल्ला सेवेचे परीक्षण

2024 साली टँपा बे परिसराने दोन आठवड्यांच्या आत दोन चक्रीवादळे सोसली. 26 सप्टेंबरला हेलीन किनाऱ्यापासून बरेच दूर राहून उत्तरेकडे सरकले, तरीही त्याने लोटलेले समुद्राचे पाणी पिनेलस काउंटीतल्या सखल वस्त्यांमध्ये घराघरांत शिरले; आणि लोक भिजलेले गालिचे व ड्रायवॉलचे (भिंतींच्या जिप्सम फळ्यांचे) तुकडे रस्त्याच्या कडेला रचत होते तोच 9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन सिएस्टा की येथे किनाऱ्यावर धडकले. सेंट पीटर्सबर्गमध्ये 18 इंचांहून अधिक पाऊस झाला आणि ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या मैदानाचे छप्पर फाटून गेले. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत दोन माणसे भेटली की 'आता उत्तरेकडे जायचे का' हा विषय निघतोच. आम्ही पती-पत्नी साठीच्या उंबरठ्यावर आहोत, घराचे कर्ज फिटत आले आहे, आणि नात्यातली दोन कुटुंबे मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या उपनगरांत राहतात. आपापसांतल्या चर्चेतून काही निष्पन्न होईना, म्हणून आम्ही अशा निर्णयांसाठी सल्ला देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे शुल्क भरले. तिच्याविषयी लिहिण्याजोगे चांगले आणि वाईट असे दोन्ही असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. अशा सेवा आता बऱ्याच आहेत आणि त्यांची कार्यपद्धती साधारण सारखीच असते.

आधी एक लांबलचक प्रश्नावली भरून द्यावी लागते, मग सल्लागाराशी व्हिडिओ कॉलवर बोलणे होते, आणि शेवटी एक जाडजूड अहवाल हाती येतो. आमच्या अहवालात तीन पर्यायांची तुलना होती: आहे तिथेच राहणे, मिनियापोलिसचे एखादे उपनगर, किंवा तिथून सुमारे दीडशे मैल उत्तरेला सुपीरियर सरोवराच्या काठी असलेले डुलुथ. ज्यादा पैसे भरल्यास सामान हलवण्याची व्यवस्थाही हीच मंडळी करून देतात. आम्ही ती घेतली, आणि त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

अहवालातला सर्वांत भक्कम भाग घरविम्याचा आहे, आणि पैसे वसूल झाले असतील तर ते याच पानांवर. फ्लोरिडात अनेक वर्षे राहूनही पुष्कळांना आपल्या पॉलिसीतले हरिकेन डिडक्टिबल नीट ठाऊक नसते. ते ठरावीक रकमेचे नसून बहुधा घराच्या विमा-रकमेच्या टक्केवारीत असते. म्हणजे चार लाख डॉलरचे घर आणि 2 टक्के डिडक्टिबल असेल तर पहिले 8,000 डॉलर आपल्याच खिशातून जातात, आणि 5 टक्के असेल तर 20,000. पुराचे पाणी तर साध्या घरविम्यात धरलेलेच नसते. हेलीनचे पाणी हा पूर आणि मिल्टनचा वारा हे वादळ, हा फरक ज्यांच्याकडे पूरविमा नव्हता त्यांना त्या पंधरवड्यात फार महागात पडला. आणि केंद्र सरकारचा पूरविमा घ्यायचा म्हटले तरी तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाचे नाव बातम्यांत आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. सल्लागाराने आमची पॉलिसी समोर ठेवून हे सगळे आकड्यांनिशी मांडले. राज्य सरकारच्या पुढाकाराने 2002 साली उभ्या राहिलेल्या सिटिझन्स या विमा संस्थेचे नियमही त्याने समजावले: एखाद्या खासगी कंपनीचा देकार सिटिझन्सच्या हप्त्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी ग्राहकाला सिटिझन्समध्ये राहता येत नाही, आणि तिच्या ग्राहकांवर टप्प्याटप्प्याने आणलेली पूरविम्याची सक्ती 2027 पर्यंत जवळजवळ सर्व घरमालकांना लागू होणार आहे. यानंतर पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा जो अंदाज त्याने काढला, तो आम्ही स्वतः काढला नसता. मिनेसोटात विमा स्वस्त असेल ही आमची समजूतही त्याने खोडून काढली, कारण तिथे गारपीट छपरे फोडते आणि त्यापायी हप्ते चढले आहेत.

कराच्या प्रकरणात मात्र हीच काटेकोर वृत्ती दिसली नाही. फ्लोरिडात व्यक्तिगत प्राप्तिकर नाही आणि मिनेसोटात तो 5.35 पासून 9.85 टक्क्यांपर्यंत चढतो, एवढे कोणीही सांगेल. कपड्यांवर तिथे विक्रीकर नाही ही बाब अहवालात ठळक अक्षरांत होती, पण निवृत्तिवेतनाच्या बाबतीत 2023 च्या कायद्याने मिळालेली सवलत एका ओळीत उरकली होती. याहून गंभीर उणीव 'सेव्ह अवर होम्स' या मर्यादेची. फ्लोरिडात राहत्या घराचे करासाठीचे मूल्यांकन वर्षाला 3 टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक वाढवता येत नाही. बाजारभाव कितीही उसळला तरी जुना घरमालक त्यामुळे तगून राहतो. साचलेला हा लाभ राज्यातल्या दुसऱ्या घरी नेता येतो, राज्याबाहेर नेता येत नाही. म्हणजे घर विकून उत्तरेला गेलो आणि चार-पाच हिवाळ्यांनी कंटाळून परतलो, तर त्याच गल्लीत, तशाच घरासाठी कितीतरी अधिक मालमत्ता कर भरावा लागेल. परतीची वाट महाग आहे ही गोष्ट जाण्याच्या निर्णयात सर्वांत वरती यायला हवी होती, आणि अहवालात ती कुठेच नव्हती.

उलट 'फ्लोरिडातले घर भाड्याने द्यावे आणि दोन-तीन वर्षे उत्तरेला राहून पाहावे' अशी शिफारस अहवालाच्या शेवटी मोठ्या आत्मविश्वासाने केलेली होती. सलग दोन वर्षे, वर्षातून 30 दिवसांहून अधिक काळ घर भाड्याने दिले तर होमस्टेडची, म्हणजे राहत्या घरावरच्या मालमत्ता कराची, सवलत जाते आणि तिच्याबरोबर वर सांगितलेली मर्यादाही जाते. आणि कायमचे बिऱ्हाड मिनेसोटात हलवले, तर घर भाड्याने न देताही सवलतीवरचा हक्क टिकत नाही. हे आम्ही काउंटीच्या मालमत्ता मूल्यांकन कार्यालयात विचारून पक्के केले. घर नुसते कुलूप लावून ठेवावे, तर बऱ्याच विमा पॉलिसींत रिकाम्या घरासाठी वेगळ्या अटी असतात. सल्लागाराला हे दाखवल्यावर त्याने सौजन्याने मान्य केले आणि सुधारित अहवाल पाठवला, पण जो ग्राहक स्वतः चौकशी करणार नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

हवामानाचे प्रकरण दिसायला सर्वांत देखणे आणि उपयोगाला सर्वांत कमी आहे. त्यात रंगीत आलेख आहेत आणि सगळे सरासरीचे आहेत. मिनियापोलिसला हंगामात सरासरी 51 इंच बर्फ पडतो आणि डुलुथला सुमारे 90, हे खरे. पण माणूस सरासरीत राहत नाही. 30 जानेवारी 2019 रोजी मिनियापोलिसचे तापमान उणे 28 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे 33 पर्यंत उतरले होते. त्या दिवशी घर उबदार ठेवणारी फर्नेस बंद पडली तर काय करायचे, याचे उत्तर आलेखात सापडत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तिथे जेमतेम पावणेनऊ तास उजेड असतो, टँपामध्ये जवळजवळ साडेदहा तास. संध्याकाळी पाचच्या आत काळोख पडणे हे ज्यांच्या मनावर येते त्यांच्यासाठी हा फरक थंडीपेक्षा मोठा ठरू शकतो. अहवालाने त्याला एक वाक्य दिले आहे. माझ्या पत्नीला दमा आहे हे प्रश्नावलीत स्पष्ट लिहिलेले असूनही कोरड्या गार हवेचा उल्लेख नव्हता, आणि 2023 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर मिनेसोटावर येऊन हवा अतिशय खराब झाली होती याचाही नव्हता.

डुलुथची शिफारस करताना तर अहवालाने जाहिरातीची भाषा वापरली आहे. हवामान बदलापासून सुरक्षित शहर ही डुलुथची ख्याती 2019 मध्ये प्राध्यापक जेसी कीनन यांच्या मांडणीतून पसरली, आणि तेव्हापासून घरांचे दलाल ती वापरत आले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोलाही त्याच सुमारास असेच बिरुद मिळाले होते. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतले अ‍ॅशव्हिल सुरक्षित मानले जात होते. हेलीनने तेही धुऊन काढले. खुद्द डुलुथला जून 2012 मध्ये इतका मोठा पूर आला की तिथल्या प्राणिसंग्रहालयातला एक सील वाहत बाहेर पडला आणि रात्री भर रस्त्यात सापडला. सुरक्षित शहर म्हणजे आजवर जिथली बातमी झाली नाही ते, असेच म्हणायची वेळ आहे. आम्ही डुलुथ यादीतून काढले ते मात्र या कारणाने नव्हे, तर पत्नीच्या श्वसनरोगतज्ज्ञाची सोय आणि नातलग दोन्ही मिनियापोलिसला आहेत म्हणून.

आता सेवेच्या सर्वांत चांगल्या गोष्टीकडे येतो, जिची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर जवळजवळ नाहीच. दुसऱ्या कॉलसाठी त्यांनी मिनेसोटातल्या एका निवृत्त गृहनिरीक्षकाला जोडून दिले. त्या गृहस्थांनी तक्ते दाखवले नाहीत. फोन हातात धरून स्वतःच्याच घरातून आम्हाला फिरवले. आधी माळ्यावर नेले. तिथे तुळयांच्या मध्ये राखाडी कापसासारखे इन्सुलेशन पसरलेले होते आणि त्यात एक पुठ्ठ्याची पट्टी उभी होती, त्याची जाडी किती इंच उरली आहे हे वाचण्यासाठी. मग बाहेर येऊन वळचणीला जमलेला बर्फाचा जाड बांध दाखवला. माळ्यात उष्णता झिरपली की छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येते, तिथे छप्पर गार असल्यामुळे पुन्हा गोठते, आणि मागून येणाऱ्या पाण्याला वाट न राहिल्याने ते शिंगल्सच्या खालून घरात उतरते. फ्लोरिडात छताची गळती वरून येणाऱ्या पावसाची असते. मिनेसोटात ती आतल्या उबेमुळे होते, आणि घर घेताना माळा पाहिल्याशिवाय सही करू नका, असे त्यांनी बजावले.

तळघराविषयीही ते पुष्कळ बोलले. मिनेसोटाच्या दक्षिण भागात पाया 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच खोल न्यावा लागतो, कारण त्याच्या वरची जमीन गोठून फुगते. एवढे खणायचेच असल्यावर बेसमेंट ओघानेच आले. बेसमेंटबरोबर तिथे साचणारे पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप आला, आणि जमिनीतून घरात झिरपणाऱ्या किरणोत्सर्गी रेडॉन वायूची तपासणीही आली, कारण राज्यातल्या दर पाच घरांपैकी दोन घरांत त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असते असे तिथले आरोग्य खाते सांगते. फर्नेस किती वर्षांची आहे, तिचा फिल्टर कुठे बसतो, ड्राइव्हवे किती लांब आहे आणि तो उपसणार कोण, हे प्रश्न आमच्या वयाच्या माणसांनी शयनकक्षांच्या संख्येआधी विचारावेत असे त्यांचे म्हणणे होते. मिनियापोलिस शहरात बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा करणे घरमालकाला बंधनकारक आहे. या एका कॉलमधून जे कळले ते अहवालाच्या रंगीत पानांतून कळले नसते.

'सांस्कृतिक अनुकूलता' नावाच्या गुणांकाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भारतीय उपाहारगृहांच्या संख्येवरून तो काढलेला दिसतो. मेपल ग्रोव्हचे मोठे हिंदू मंदिर त्यात आहे, मराठी मंडळ नाही. आम्हाला ती माहिती नातलगांकडून आधीच होती.

सामान हलवण्याच्या ज्यादा सेवेविषयी मात्र स्पष्टपणे प्रतिकूल लिहावे लागते. आमच्याकडून आगाऊ रक्कम घेतल्यावर कळले की ज्यांनी अंदाजपत्रक दिले ते मूव्हर नसून दलाल होते आणि प्रत्यक्ष ट्रक कोणाचा येणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते. अंदाजपत्रक बंधनकारक नव्हते. अशा वेळी केंद्रीय नियमांप्रमाणे सामान उतरवताना अंदाजाच्या 110 टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, उरलेले बिल नंतर येते. हा नियम आम्हाला कोणी सांगितला नाही. नुकसानभरपाईचा जो फुकट पर्याय त्यांनी आधीच खूण करून ठेवला होता, त्यात वस्तूच्या वजनानुसार पौंडाला 60 सेंट मिळतात. म्हणजे चाळीस पौंडांचा टीव्ही फुटला तर 24 डॉलर, आणि आमचा साठ पौंडांचा पाटा-वरवंटा हरवला तर 36. पत्नीच्या मते हे मूल्यमापन योग्यच आहे. दुसरी एक गोष्टही त्यांनी सांगायला हवी होती: फ्लोरिडातले कढीपत्त्याचे झाड कुंडीसह राज्याबाहेर न्यायला केंद्रीय कृषी खात्याचे निर्बंध आहेत, कारण कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असून लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी कीड त्यावर राहते. इथल्या मराठी अंगणांत हे झाड घरटी एक तरी असते, आणि ते गाडीत टाकून निघालेली माणसे आम्हाला माहीत आहेत. आगाऊ रक्कम परत मिळवण्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला आणि ती पूर्ण मिळाली नाही.

निर्णयापुरते सांगायचे तर, घर विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही, असे सध्या ठरले आहे. कायमचा पत्ता फ्लोरिडाचाच ठेवून जानेवारी-फेब्रुवारीसाठी मिनियापोलिसच्या उपनगरात सुसज्ज अपार्टमेंट घेतले आहे; इकडच्या घरात शेजारी ये-जा ठेवतील, आणि तसे विमा कंपनीला लेखी कळवले आहे. मुद्दाम सर्वांत वाईट महिने निवडले, कारण जुलैतला मिनेसोटा पाहून कोणालाही तिथे राहावेसेच वाटेल.

सेवेला मी 5 पैकी 3 गुण देईन; विम्याच्या विश्लेषणाला आणि गृहनिरीक्षकांच्या कॉलला 5, कराच्या भागाला 2, आणि सामान हलवण्याच्या सेवेला एकही नाही. घ्यायचीच असेल तर मूळ सेवा तेवढी घ्यावी, शुल्क भरण्यापूर्वीच गृहनिरीक्षकाशी बोलणे होईल ना हे ईमेलवर लिहून घ्यावे, आणि मूव्हर स्वतः शोधून त्याच्याकडून बंधनकारक अंदाजपत्रक मागावे.