‘रोमँटिक वॉरिअर’चे चार तुकडे: रिटर्न टू फॉरेव्हरचा ‘रिटर्न्स’ आणि शेअरचं बटण, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

सलग संगीतात दोन ट्रॅकच्या मधे आवाज क्षणभर तुटतो, ही माझी तक्रार काल स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या ग्राहकसेवेने पुन्हा एकदा ‘निकाली’ काढली. निकाल काय, तर अ‍ॅप काढून परत टाका. म्हटलं, चॅटवर डोकं फोडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहावं, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे आणि त्या वेगळ्या काढणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. एक म्हणजे ‘रिटर्न्स’, रिटर्न टू फॉरेव्हर या जॅझ आणि रॉक मिसळणाऱ्या फ्यूजन बँडच्या २००८च्या पुनर्मीलन दौऱ्याचा डबल लाइव्ह अल्बम. दुसरं म्हणजे मी तो ज्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ऐकतो आणि तिथून इतरांच्या गळ्यात मारतो, ते अ‍ॅप. त्याचं नाव घेत नाही. पैसे भरणारे आपण सगळे या ना त्या अ‍ॅपच्या दावणीला बांधलेलेच आहोत.

बँडची ओळख इथे कुणाला करून द्यायला नको. कीबोर्डवर चिक कोरिया, बेसवर स्टॅन्ली क्लार्क, ड्रम्सवर लेनी व्हाइट, गिटारवर अल डी मिओला. या चौघांनी १९७४ ते १९७६ या काळात तीन अल्बम केले, त्यातला शेवटचा ‘रोमँटिक वॉरिअर’, आणि मग वाटा वेगळ्या झाल्या. १९८३मध्ये छोटासा दौरा झाला. त्यानंतर थेट २००८. मधली पंचवीस वर्षं प्रत्येकाने आपापलं दुकान मोठं केलं, आणि ते या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं.

सुरुवातीला तेच मला खटकलं होतं. ‘रोमँटिक वॉरिअर’ माझ्या कानात मूळ स्टुडिओच्या रूपात पक्का बसलेला. त्यात एक सूर इकडचा तिकडे नाही. चौघे एकदम वळतात, एकदम थांबतात, आणि कोरियाचा सिंथेसायझर नि डी मिओलाची गिटार इतक्या जुळून धावतात की कोणता सूर कुणाचा ते सांगणं अवघड. त्यापुढे ‘रिटर्न्स’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, हे काय गुऱ्हाळ लावलंय! याचा सोलो, मग त्याचा सोलो, मग टाळ्या, मग पुन्हा याचा. अ‍ॅपवर तीन तारे देऊन मोकळा झालो होतो.

ते तीन तारे आता मागे घेतोय. ‘साँग टू द फॅरो किंग्ज’मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं की चौघांना आता कसलीच घाई नाही. सत्तरच्या दशकात त्यांच्या वाजवण्यात ‘बघा, आम्हाला काय काय येतं’ अशी एक ईर्षा होती (आणि यायचंही, त्याबद्दल वाद नाही). इथे कोरिया एखादी ओळ अर्ध्यावर सोडून देतो आणि क्लार्क ती खालून उचलतो. लेनी व्हाइट मधल्या रिकाम्या जागा भरायला धावत नाही. पहिल्या डिस्कच्या शेवटी डी मिओला एकटाच अकूस्टिक गिटार घेऊन बसतो. तो ट्रॅक मी आधी सरळ पुढे ढकलायचो, आता अल्बम लावला की त्याची वाट बघतो. उजव्या हाताच्या तळव्याने तार किंचित दाबून तो जे कोरडे, टणक सूर काढतो, तसे काढायचा प्रयत्न अनेकांनी केलाय. पण मधेच तो दाब सोडतो आणि एक सूर मोकळा गुंजत राहतो, ती जागा फक्त त्याची. एकोणीस वर्षांचा असताना बर्कली संगीत महाविद्यालयातलं शिक्षण सोडून या बँडमध्ये आलेला हा मुलगा. इथे तो पन्नाशी ओलांडून गेलाय आणि आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचा प्रयत्न करत नाही.

असो. आता मूळ दुखण्याकडे येतो.

दुसऱ्या डिस्कवर ‘रोमँटिक वॉरिअर’ (त्या जुन्या अल्बमचं शीर्षकगीत) एका ट्रॅकमध्ये नाही. आधी गाण्याचा पहिला भाग, मग क्लार्कचा एकट्याचा उभ्या बेसवरचा सोलो, मग व्हाइटचा ड्रम सोलो, आणि मग ‘रोमँटिक वॉरिअर, कंटिन्यूड’. मंचावर हे सगळं सलग वाजलेलं आहे. सीडीवर ट्रॅकचे नंबर फक्त खुणेपुरते, आवाज कुठे तुटत नाही. माझ्याकडे मात्र बेस सोलोचा शेवट आणि ड्रम्सची सुरुवात यांच्या मधोमध एक उचकी लागते. जेमतेम अर्ध्या सेकंदाची असेल. पण प्रेक्षकांचा आवाज, सभागृहाची घुम, बेसच्या लाकडाची शेवटची थरथर, सगळं कापल्यासारखं बंद होतं आणि मग पुन्हा सुरू होतं. कार्यक्रमात बसलो असताना कुणीतरी दोन्ही कानांवर हात ठेवून लगेच काढावेत, तसं. मी हे घरात इतक्यांना ऐकवलंय की आता मी स्पीकर लावला की लोक खोलीतून उठून जातात.

याचं कारण नवीन नाही, म्हणून तर चीड येते. एमपीथ्री आवाजाचे ११५२ नमुन्यांचे (म्हणजे क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांचे) तुकडे पाडतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाण्याची लांबी या मापात नेमकी कुठून बसणार? मग शेवटच्या तुकड्यात शांतता कोंबली जाते. सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, थोडी शांतता घालतोच. एका ट्रॅकचं शेपूट आणि पुढच्याचं डोकं मिळून खाच तयार होते. यावर उपायही जुनाच आहे. लेम नावाचा एन्कोडर फाइलमध्येच लिहून ठेवतो की पुढची-मागची इतकी शांतता माझी आहे, ती कापा. फ्लॅक या लॉसलेस (आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या) फाइलमध्ये तर गाण्याची लांबी नमुन्यागणिक अचूक असते, कापायलाच काही नसतं. प्लेअरने फक्त ती नोंद वाचायची आणि पुढचा ट्रॅक वेळेत उघडून ठेवायचा.

ग्राहकसेवेला मी हे सगळं लिहून पाठवलं, वेळेच्या नोंदींसकट. उत्तर आलं की क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता पुढचं सुरू करणारं सेटिंग) चालू करा. केलं. आता क्लार्कच्या शेवटच्या सुरांवर व्हाइटचे ड्रम्स चढले, जणू दोघांना एकाच वेळी मंचावर ढकललंय. रोगापेक्षा औषध भयंकर.

मध्यंतरी अ‍ॅपचं एक अपडेट आलं आणि हेडफोनवर उचकी खरोखर गेली. इथे मी माझं मत बदललं आणि तसं त्यांना कळवलंही, चांगल्याला चांगलं म्हणायला हरकत नाही. पण फोनवरून स्पीकरकडे गाणं पाठवलं की उचकी परत हजर. मग उलगडा झाला. अशा वेळी फोन फक्त रिमोटचं काम करतो आणि प्रत्येक ट्रॅक स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून आणतो. पुढचा ट्रॅक आधी आणून ठेवायची शिस्त त्या स्पीकरला नाही. अ‍ॅपवाले म्हणतात स्पीकरवाल्यांना विचारा, स्पीकरवाले म्हणतात अ‍ॅपवाल्यांना विचारा. दोघांकडेही माझं तक्रारीचं तिकीट ‘बंद’ दिसतं.

आवाजाची पातळी एकसारखी करणारं सेटिंग हा आणखी एक छुपा शत्रू. अल्बम सलग लावला तर ठीक, सगळ्या ट्रॅकना मिळून एकच माप लागतं. पण तेच ट्रॅक प्लेलिस्टमध्ये इतर गाण्यांत मिसळले की प्रत्येकाला वेगळं माप. मग एकट्या बेसचा हळुवार सोलो बँडच्या बरोबरीने गरजतो आणि मागे खोकणारा प्रेक्षक शेजारी येऊन बसतो. ते सेटिंग बंद करा.

आता शेअरिंग. हे संगीत अल्गोरिदमच्या भरवशावर कुणापर्यंत पोचत नाही. ‘रिटर्न्स’ संपला की माझं अ‍ॅप पुढे काय लावतं? लिफ्टमध्ये वाजतो तसला गुळगुळीत सॅक्सोफोन. फ्यूजनचा प्रसार कायम हातोहातच झालाय, कुणीतरी कुणाला तरी ‘हे ऐक’ म्हटल्यामुळे. म्हणून शेअरचं बटण माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कच्चं.

एका मित्राला ‘रोमँटिक वॉरिअर’ची लिंक पाठवली. त्याच्याकडे खातं नाही, म्हणून त्याला तीस सेकंदांचा नमुना ऐकू आला. जवळपास अकरा मिनिटांच्या गाण्याचे तीस सेकंद! त्याचं उत्तर आलं: ‘छान आहे, पण सुरू कधी होतं?’ दुसऱ्याकडे फुकटचं खातं होतं. त्याला अख्खा अल्बम पाठवला तर अ‍ॅपने शफल करून वाजवला. त्याच्याकडे पहिलं लागलं ते ‘कंटिन्यूड’. कशाचं कंटिन्यूड, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? त्याने सभ्यपणे अंगठा पाठवला आणि विषय बदलला. पुनर्मीलनाच्या मैफलीचा सगळा अर्थ क्रमात असतो. आधी विजेवरची वाद्यं, मग सगळं उतरवून अकूस्टिक, मग पुन्हा झंझावात. त्यातला एक तुकडा मधूनच उचलून पाठवला तर समोरच्याला चार पोक्त माणसं भरभर वाजवताहेत एवढंच दिसतं.

पण याच अ‍ॅपमधल्या एका सोयीने मला चकित केलं, तेही सांगायला हवं. दोघातिघांनी आपापल्या फोनवर एकाच वेळी एकच गाणं ऐकायचं, अशी एक सोय आहे. मी तिला खेळणं समजत होतो. माझा भाचा कट्टर मेटलवाला. त्याला बोलावलं आणि ‘ड्युएल ऑफ द जेस्टर अँड द टायरंट’ लावलं. आम्ही ऐकता ऐकता चॅट करत होतो. मधेच त्याचा मेसेज: ‘मामा, हा ड्रमर कोण आहे?’ सांगितलं, लेनी व्हाइट. १९६९ साली जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’ अल्बमवर वाजवलं तेव्हा तुझ्याहून लहान होता. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, ‘परत सुरुवातीपासून लाव.’ नुसत्या लिंकने हे कधीच झालं नसतं. समोरचा ऐकतोय हे मला कळत होतं आणि मी ऐकतोय हे त्याला, त्यामुळे दोघांनाही मधे पळता येत नव्हतं.

पळता येत नव्हतं म्हणजे, जवळजवळ. पुढच्या वेळी पठ्ठ्याने क्लार्कचा सोलो मधेच उडवला आणि माझ्याकडेही तो उडाला. पुढे ढकलायचा हक्क सगळ्यांना असतो. यजमानाने तो बंद करायचा. सेटिंग खोलवर आहे, पण सापडतं.

आणखी एक. शेअर केलेल्या प्लेलिस्टमधली काही गाणी मधेच राखाडी झाली, म्हणजे वाजेनाशी झाली. हक्कांचा करार संपला की असं होतं, कुणी आधी कळवत नाही. शेवटी मी हात टेकले आणि ‘रिटर्न्स’च्या जुन्या वापरलेल्या सीडी घेतल्या. लॉसलेसच्या महागड्या प्लॅनवर जाणं मला पटेना. ज्या आवाजासाठी दर महिन्याला जादा मागतात, तोच आवाज त्या डिस्कवर एकदाच पैसे मोजून मिळतो. फ्लॅकमध्ये उतरवल्या, एका जुन्या फोनवर टाकल्या, तो वायरने स्पीकरला जोडला. चारही तुकडे एकसंध. बेसचा शेवटचा सूर विरतो, कुणीतरी शिट्टी मारतो, ती शिट्टी विरायच्या आत ड्रम्स येतात. ती शिट्टी मी आधी कधीच ऐकली नव्हती, नेमकी खाचेत पडत होती.

‘ड्राइव्हची लिंक टाक ना’ म्हणणारे भेटतातच. फाइल्स मी पाठवत नाही. कोरिया २०२१मध्ये गेला, पण बाकीचे तिघे अजून वाजवतात, त्यांची कमाई कशाला बुडवायची? डिस्क उसनी देतो, कुणाला दिली ते लिहून ठेवतो.

जाता जाता, २०११चा दौरा डी मिओलाविना झाला. गिटारवर फ्रँक गँबाले, जोडीला व्हायोलिनवर जाँ-ल्यूक पाँटी. त्याचा ‘द मदरशिप रिटर्न्स’ २०१२मध्ये आला. ऐकायला सोपा आहे, व्हायोलिनमुळे ऊब येते, पण मला त्यात जुन्या चौकडीतली ओढाताण सापडली नाही.

नवख्याला पाठवायचंच असेल तर याच अल्बममधलं ‘५०० माइल्स हाय’ पाठवा. बँडच्या अगदी पहिल्या काळातली चाल, एका ट्रॅकमध्ये पूर्ण, त्यामुळे शफल आणि खाच दोन्हींतून वाचते. सोबत दोन ओळी स्वतः लिहा, कुठे कान द्यायचा ते सांगा. नुसती लिंक टाकून गायब होऊ नका.

अल्बमला साडेचार तारे. अर्धा कापला तो ट्रॅकला ‘कंटिन्यूड’ असं नाव देणाऱ्यासाठी. अ‍ॅपला दोन, त्यातला एक भाच्याच्या खात्यावर. फॅमिली प्लॅनचं नूतनीकरण जवळ आलंय. घरात बाकी कुणाला ती उचकी ऐकूच येत नाही, त्यामुळे मतदान घेतलं तर मी हरणार हे नक्की. पैसे मात्र माझ्याच कार्डातून जातात.