अद्रकाची बिअर: तारेच्या कडीची काच की सोड्याची प्लास्टिक बाटली?

पहिल्यांदा काही आंबवायला ठेवलं की दोनच शंका छळतात. आत काही चाललंय की नाही, आणि चाललं असेल तर बाटली फुटणार तर नाही ना? बाटली कोणती घ्यायची ते मी याच दोन शंकांवरून ठरवलं. खरी बिअर घरी करायला महाराष्ट्रात कायद्याची आडकाठी आहे; 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय ती करता येत नाही. म्हणून इथे बोलतोय ते अद्रकाच्या फसफसत्या पेयाबद्दल, ज्याला जिंजर बिअर म्हणतात. जिंजर बग (अद्रक-साखरेचं आंबवलेलं विरजण) कसा करायचा किंवा चिमूटभर यीस्ट कधी टाकायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

गोम अशी की बाटली भरण्यापुरतं आपलं काम बिअरवाल्यांपेक्षा नाजूक आहे. ते आधी सगळं आंबू देतात आणि मग मोजून थोडी साखर घालून बाटल्या भरतात. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण 2 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. बिअरला लिटरमागे 5 ग्रॅमच्या आसपास पुरतो. आपण मात्र गोडवा राहावा म्हणून लिटरला 80-100 ग्रॅम साखरेचं पाणी तसंच कोंडतो. ती सगळी आंबली तर कुठलीच बाटली टिकायची नाही. वेळेवर फ्रिजमध्ये ठेवणं हाच एक उपाय, आणि ती वेळ नेमकी कळायची कशी, इथे सगळं अडतं.

काचेची, म्हणजे तारेच्या कडीने झाकण आवळायच्या बाटलीची, बाजू आधी मांडतो, कारण ती देखणी आहे. वास धरत नाही, गरम पाण्याने निर्धास्त धुता येते, ओरखडे पडून त्यात घाण बसत नाही. महिनाभर ठेवायचं असेल तर काचच, कारण प्लास्टिकमधून वायू हळूहळू निसटतो. फक्त फेसाळ पेयांसाठी केलेली जाड, गोल बाटली घ्या. शोभेची चौकोनी बाटली तेलाला ठीक, दाबाला नाही.

पण काचेवर बोट ठेवून काही कळत नाही. मग रोज कडी उघडून गॅस काढत बसा. एकेक बाटली सिंकमध्ये धरायची, वर फडकं दाबायचं, कडी सोडायची. कधी नुसतं फुस्स, कधी अर्धी बाटली ओट्यावर. साखरेचं पाणी रबरी वायसरच्या फटीत सुकतं, दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग. आणि ज्या फसफशीसाठी एवढा खटाटोप केला, तीच रोज थोडी थोडी उडवून द्यायची! माझं मन काचेवरून उठलं ते या रोजच्या उघडझाकीमुळे. सगळ्यांनाच हे जाचेल असं नाही. माझ्या ओळखीत हौसेने करणारे आहेत.

सोड्याची प्लास्टिक बाटली अंगठ्याने दाबली की सगळं सांगते. मऊ आहे, म्हणजे अजून वेळ आहे. दगडासारखी टणक झाली की फ्रिजमध्ये. उघडायची गरजच नाही, त्यामुळे ‘मेलं की काय’ म्हणून सारखं झाकण फिरवण्याची नवशिक्याची खोडही आपोआप सुटते. बाटली मात्र बुडाला पाच पाकळ्या असलेली, सोड्याचीच हवी. पाण्याची पातळ बाटली नको. पाकळ्या फुगून ती उभी राहताना डुलायला लागली, तर फार उशीर केलात असं समजा.

आपल्या नागपुरात याला जास्तच अर्थ आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरच्या खोलीत सकाळी मऊ असलेली बाटली संध्याकाळी कडक झालेली मी पाहिली आहे. डिसेंबरात तीच कितीतरी दिवस ढिम्म बसते. त्यामुळे पाककृतीत लिहिलेले ‘दोन ते तीन दिवस’ इथे फारसे कामाचे नाहीत. मोसमात संत्र्याचा रस घातला तर साखर आणखी वाढते, आणि गर गाळला नाही तर उघडताना फवारा ठरलेला.

मधला मार्गही आहे: सगळं काचेत भरायचं आणि एकच प्लास्टिकची बाटली अंदाजाला ठेवायची. वाईट नाही. पण खिडकीजवळची बाटली आणि कोपऱ्यातली बाटली एका चालीने आंबत नाहीत, मग एकीवरून बाकीच्यांचं किती ठरवायचं? गोटी सोड्याच्या बाटलीचा मोह मात्र टाळा. 1872 साली हायरम कॉडने पेटंट घेतलेली ती बाटली उलटी धरून, दाबाखाली भरावी लागते; घरी जमत नाही.

पहिली खेप असेल तर मी प्लास्टिकच सुचवेन, तीही नवी किंवा कमी ओरखड्यांची, कोमट पाण्याने धुतलेली; उकळत्या पाण्याने ती आक्रसते. वर चार बोटं जागा सोडा. अल्कोहोल किंचित का होईना होतंच, तेव्हा पोरांच्या हाती देऊ नका. आणि फ्रिजमध्ये गेलेली बाटली रात्रभर तिथेच राहू द्या. थंड पाण्यात वायू चांगला मुरतो, घाईने उघडली तर प्लास्टिकसुद्धा भिजवतंच.